भारतातील फ्लाय फिशिंग

फ्लाय फिशिंग ही कृत्रिम माशीचा आमिष म्हणून उपयोग करून गळाने मासे पकडण्याची पद्धत आहे. पक्ष्यांची पिसे, प्राण्यांचे केस, लोकर आणि रंगीत दोरा गळावर बांधून ही माशी तयार करतात. पाण्यावर उतरणारे कीटक, पाण्यातील त्यांच्या अळ्या किंवा लहान मासे यांचा आभास तिच्यातून निर्माण केला जातो. भारतात ही पद्धत ब्रिटिश राजवटीत रुजली. ती मुख्यत्वे दोन प्रकारच्या माशांसाठी वापरली जाते : थंड पहाडी प्रवाहांतील ट्राउट आणि मोठ्या नद्यांतील महाशीर. यांपैकी ट्राउट परदेशातून आणलेला आहे, तर महाशीर मूळचा भारतीय असून त्याच्या काही जाती आज संकटात आहेत. त्यामुळे भारतातील फ्लाय फिशिंगचा इतिहास हा मासे एका नदीतून दुसऱ्या नदीत नेण्याचा आणि त्याच्या परिणामांचाही इतिहास आहे.

तत्त्व आणि साधने

नेहमीच्या गळाच्या मासेमारीत आमिषाचे किंवा शिशाचे वजन बारीक दोरीला आपल्याबरोबर ओढून नेते. कृत्रिम माशीला जवळजवळ वजनच नसते, त्यामुळे ती अशा प्रकारे फेकता येत नाही. फ्लाय फिशिंगमध्ये वजन दोरात असते. जाड, लेप दिलेला दोर हवेत उलगडत जातो आणि त्याच्या टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. या पद्धतीची सर्व साधने आणि फेकण्याची सर्व तंत्रे या एका तत्त्वावर आधारलेली आहेत.

दोराची वर्गवारी त्याच्या पहिल्या ३० फुटांच्या, म्हणजे सुमारे ९ मीटरच्या वजनावरून करतात. क्रमांक जितका मोठा, तितका दोर जड. ५ क्रमांकाच्या दोराच्या या भागाचे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असते. रॉडलाही तोच क्रमांक देतात, कारण रॉडचा लवचीकपणा आणि दोराचे वजन एकमेकांना जुळावे लागतात. भारतीय ट्राउटसाठी साधारणतः ४ ते ६ क्रमांकाचा, सुमारे ९ फूट लांबीचा रॉड वापरतात. महाशीरसाठी ८ ते १० क्रमांकाचा रॉड लागतो.

दोराच्या टोकाला लीडर नावाचा, निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा जोडतात. लीडरच्या शेवटच्या बारीक भागाला टिपेट म्हणतात आणि माशी त्यालाच बांधली जाते. जाड दोर माशाच्या नजरेस पडू नये, तसेच माशी पाण्यावर हलकेच उतरावी, हे लीडरचे काम असते. रिळावर दोराच्या मागे बॅकिंग हा बारीक व मजबूत धागा गुंडाळलेला असतो. ट्राउटच्या मासेमारीत त्याची गरज क्वचितच पडते. महाशीर मात्र गळ लागताच प्रवाहाच्या दिशेने धाव घेतो आणि पहिल्याच धावेत सगळा दोर ओढून नेऊ शकतो. म्हणून त्याच्यासाठी रिळावर १०० मीटरहून अधिक बॅकिंग ठेवतात.

पद्धतीचा उगम व विकास

माशी बांधून मासे पकडण्याचे एक जुने वर्णन रोमन लेखक क्लॉडियस एलियन याने इसवी सन २०० च्या सुमारास केलेले आहे. मॅसिडोनियातील लोक गळावर लाल लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची पिसे लावतात, असे त्यात म्हटले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील एका प्रबंधात १२ माश्यांची कृती दिलेली आहे. आयझॅक वॉल्टन यांच्या ‘द कम्प्लीट अँगलर’ या १६५३ च्या ग्रंथाने या छंदाला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच्या १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटन यांनी खास माशीच्या मासेमारीवरील भाग जोडला. जपानमधील पहाडी प्रवाहांवर तेंकारा ही रिळाविना, लांब काठी आणि ठरावीक लांबीचा दोर वापरणारी पद्धत स्वतंत्रपणे विकसित झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी दक्षिण इंग्लंडमधील नितळ नद्यांवर, पाण्यावर तरंगणाऱ्या ‘कोरड्या’ माशीचा पुरस्कार केला. जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून त्याला उत्तर दिले. ट्राउट आपले बरेचसे अन्न पाण्याखाली घेतो, तेव्हा पाण्याखालची माशी वापरणे तितकेच योग्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या वादातून पुढे आलेल्या दोन्ही पद्धती आज सर्वत्र वापरल्या जातात. रॉड आधी लाकडाचे, नंतर चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेले, दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासचे आणि १९७० च्या दशकापासून कार्बन तंतूंचे होऊ लागले. दोरही घोड्याच्या केसांपासून रेशमाकडे आणि तेथून प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या दोराकडे गेला.

फेकण्याची तंत्रे

मूळ फेकीचे दोन भाग असतात. प्रथम रॉड वेग वाढवत मागे नेऊन एकदम थांबवतात. या थांब्यामुळे दोर वळसा घेऊन मागे उलगडतो. तो पूर्ण सरळ झाला की रॉड तसाच पुढे आणून पुन्हा थांबवतात आणि दोर पुढच्या बाजूस उलगडतो. घड्याळाच्या तबकडीवर रॉडची हालचाल साधारण १० आणि १ या आकड्यांच्या दरम्यान राहावी, असे नवशिक्यांना शिकवले जाते. मागचा दोर उलगडण्याची वाट न पाहणे आणि जोर लावून फेकणे या दोन चुका सर्रास आढळतात. पहिल्या चुकीत दोर चाबकासारखा फाटकन वाजतो आणि माशी तुटून जाते. दुसऱ्या चुकीत दोराचा वळसा मोडतो आणि माशी गुंत्यासह पाण्यावर आदळते.

मागे झाडी किंवा उभा कडा असल्यास रोल कास्ट वापरतात. यात दोर मागे हवेत न फेकता पाण्यावरच ठेवून पुढे लोटला जातो. हिमाचल प्रदेशातील अरुंद, देवदारांनी वेढलेल्या प्रवाहांवर हे तंत्र विशेष उपयोगी पडते.

माशी पाण्यावर उतरल्यानंतर तिचे वाहणे नैसर्गिक ठेवणे हे फेकीइतकेच महत्त्वाचे असते. नदीचा वेग सर्वत्र सारखा नसतो. मधला वेगवान प्रवाह दोराला पुढे ओढतो आणि दोर माशीला फरफटत नेतो. खरा कीटक असा फरफटत जात नाही, म्हणून मासा अशा माशीला टाळतो. यावर उपाय म्हणून रॉडचे टोक उचलून पाण्यावरचा दोर प्रवाहाच्या वरच्या दिशेला पलटतात. या क्रियेला मेंडिंग म्हणतात.

माश्यांचे प्रकार

कोरडी माशी पाण्यावर तरंगते. मे-फ्लाय, कॅडिस यांसारखे कीटक प्रौढ होऊन पाण्यावर येतात, तेव्हा मासे त्यांना पृष्ठभागावर टिपतात आणि पाण्यावर वर्तुळे उमटतात. अशा वेळी ही माशी वापरतात.

निंफ ही या कीटकांच्या पाण्यातील अवस्थेची प्रतिकृती होय. मे-फ्लायचे बहुतेक आयुष्य नदीतळाच्या दगडांखाली जाते, तर तिची प्रौढावस्था काही तासांची किंवा एक-दोन दिवसांची असते. म्हणून वर्षातील बहुतेक दिवशी निंफ अधिक फलदायी ठरते. माशी तळापर्यंत जावी यासाठी तिच्यावर धातूचा मणी बसवतात. मासा लागल्याचे कळावे म्हणून लीडरवर छोटा तरंगणारा दर्शक लावतात.

स्ट्रीमर ही लहान माशासारखी दिसणारी लांब माशी असते. ती वाहू न देता दोर हाताने झटके देत ओढतात. महाशीरसाठी मुख्यतः हीच पद्धत वापरली जाते. याखेरीज काठच्या गवतातून पाण्यात पडणारे नाकतोडे आणि मुंग्या यांच्या प्रतिकृतीही उन्हाळ्याच्या अखेरीस उपयोगी ठरतात.

नदीचे वाचन

प्रवाहात मासा कोठे असेल हे ओळखण्याला नदीचे वाचन म्हणतात. माशाला तीन गोष्टी हव्या असतात : कमी श्रमात थांबता येईल अशी जागा, अन्न आणि आसरा. मोठ्या खडकाच्या मागेपुढे, संथ व वेगवान पाण्याच्या सीमारेषेवर, खळाळ संपून डोह सुरू होतो तेथे आणि काठाखाली कोरलेल्या कपारीत या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. मासा प्रवाहाच्या वरच्या दिशेकडे तोंड करून उभा राहतो. म्हणून ट्राउटकडे खालच्या बाजूने, सावली पाण्यावर पडू न देता जावे लागते.

महाशीरच्या बाबतीत नद्यांचे संगम महत्त्वाचे ठरतात. हिमालयात बर्फाच्या पाण्याची गढूळ, थंड मोठी नदी आणि झऱ्यांच्या पाण्याची नितळ, किंचित उबदार उपनदी जेथे मिळतात, तेथे महाशीर दबा धरून राहतो. त्याच्या जबड्यात दात नसतात. घशात मात्र मजबूत दात असतात आणि तोंडाच्या दाबाने तो कमकुवत गळ सहज चेपू शकतो. म्हणून माशी जाड तारेच्या गळावर बांधावी लागते.

भारतात ट्राउटचे आगमन

दक्षिण आशियात ट्राउट नैसर्गिकरीत्या आढळत नव्हता. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८६० च्या दशकात निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. पुढे अंडी बर्फात ठेवून जहाजाने आणण्यात आली. काश्मीरला पाठवलेली पहिली खेप १८९९ मध्ये वाया गेली. त्यानंतरच्या खेपेतील स्कॉटलंडची तपकिरी ट्राउटची अंडी १९०० मध्ये जगली आणि श्रीनगरजवळ हरवान येथे त्यांची पैदास सुरू झाली. जी. सी. एल. हॉवेल या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९०९ मध्ये कुलूच्या खोऱ्यात बियास नदीकाठी माहिली येथे पैदास केंद्र निघाले. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन यांच्या प्रयत्नांतून इंद्रधनुषी ट्राउट स्थिरावला. मुन्नारच्या चहामळ्यांच्या परिसरातही मळेवाल्यांनी तो वाढवला.

महाशीर हा मात्र पूर्वीपासून येथील नद्यांचा रहिवासी होता. एच. एस. थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक महाशीरच्या मासेमारीवरील आरंभीच्या ग्रंथांत गणले जाते. कावेरीची उपनदी कबिनी येथे १९४६ मध्ये जे. डी वेट व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोग्रॅमचा महाशीर पकडला होता. गळाने पकडलेल्या महाशीरांमध्ये हा विक्रम मानला जातो.

प्रमुख ठिकाणे

काश्मीरमध्ये पहलगामची लिद्दर, सोनमर्गची सिंध, कोकरनागची ब्रिंगी आणि गुरेझची किशनगंगा या नद्या ट्राउटसाठी प्रसिद्ध आहेत. नद्यांचे ठरावीक टप्पे पाडून मत्स्यव्यवसाय विभाग त्यांचे परवाने देतो. हिमाचल प्रदेशात तीर्थन, सैंज, बरोटची उहल, रोहडूची पब्बर आणि सांगल्याची बस्पा ही मुख्य ठिकाणे होत. उत्तराखंडमध्ये असी गंगा आणि दोडीताल, तर दक्षिणेत मुन्नार आणि निलगिरीतील अव्हलांच परिसर येथे ट्राउट आढळतो.

सोनेरी महाशीरसाठी उत्तराखंडातील पश्चिम रामगंगा, नयार व गंगा यांचा ब्यासघाट येथील संगम आणि भारत-नेपाळ सीमेवरील पंचेश्वर येथील सरयू व महाकाली यांचा संगम ही ठिकाणे ओळखली जातात. ईशान्येत आसाममधील जिया भराली व अरुणाचल प्रदेशातील सियांग, तर दक्षिणेत कर्नाटकातील कावेरी येथेही महाशीरची मासेमारी होत आली आहे.

हंगाम आणि नियम

हिमालयातील तपकिरी ट्राउट थंडीच्या सुरुवातीस अंडी घालतो. म्हणून हिमाचल प्रदेशात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ट्राउटच्या मासेमारीस बंदी असते. मे-जूनमध्ये वितळलेल्या बर्फाने आणि त्यानंतर पावसाने नद्या गढूळ होतात. त्यामुळे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन काळ सर्वांत अनुकूल ठरतात. महाशीर पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी उपनद्यांत वर चढतो. त्याची मासेमारी पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात आणि पावसाळा ओसरल्यावर करतात.

परवाना, पकडण्याच्या माशांची संख्या व त्यांची किमान लांबी यांचे नियम राज्यागणिक निराळे आहेत. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. पहाडी नद्यांमध्ये वरच्या धरणातून सोडलेले पाणी किंवा ढगफुटी यांमुळे पातळी अचानक वाढते. पाणी गढूळ होणे आणि काटक्या-पाने वाहून येणे ही तात्काळ काठावर येण्याची खूण मानली जाते.

पकडा आणि सोडा

पकडलेला मासा जिवंत सोडणे ही आज फ्लाय फिशिंगमधील रूढ प्रथा आहे. भारतातील महाशीरच्या बाबतीत ती जवळजवळ सर्वत्र पाळली जाते. मात्र सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. दीर्घकाळ झुंजवलेला मासा थकून मरू शकतो. कोरड्या हाताने धरल्यास अंगावरचा श्लेष्मल थर निघून त्याला रोगसंसर्ग होतो. म्हणून काटा नसलेला गळ वापरणे, मासा लवकर जवळ आणणे, हात ओले करणे, छायाचित्रासाठीही त्याला पाण्याबाहेर काही सेकंदांपेक्षा जास्त न ठेवणे आणि सोडताना तो स्वतःच्या बळावर पोहू लागेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून धरणे, असे संकेत आहेत. पाणी तापल्यावर त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. तापमान २० अंश सेल्सियसच्या वर गेल्यास ट्राउटची मासेमारी थांबवणे इष्ट समजले जाते.

संवर्धन आणि वाद

तपकिरी व इंद्रधनुषी ट्राउट या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने प्रसिद्ध केलेल्या जगातील शंभर सर्वांत घातक आक्रमक परकीय जातींच्या यादीत आहेत. हिमालयात त्यांची स्पर्धा असला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक माशाशी होते. दुसरीकडे, याच ट्राउटमुळे काही नद्यांना राखणदार मिळाले. तीर्थनच्या खोऱ्यात स्थानिक रहिवाशांनी जलविद्युत प्रकल्पांना विरोध केला, तेव्हा ट्राउट आणि त्यावर आधारलेले पर्यटन हा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग होता. राज्य शासनाने पुढे या नदीवर असे प्रकल्प न उभारण्याचा निर्णय घेतला. पंचेश्वर येथील प्रस्तावित धरणाचा उल्लेख भारत व नेपाळ यांच्यातील १९९६ च्या महाकाली करारात आहे. ते झाल्यास महाशीरचा हा प्रसिद्ध संगम जलाशयाखाली जाईल.

सर्वांत बोधप्रद उदाहरण कावेरीचे आहे आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. दख्खनी महाशीरचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री असे आहे. विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील माशावरून त्याचे वर्णन केले. विसाव्या शतकात त्याची संख्या घटू लागल्यावर लोणावळा येथे टाटा वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७१ मध्ये त्याच्या अंडी घालण्याच्या सवयी व सुरुवातीची वाढ यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोणावळ्याची मत्स्यबीजे पुढे अनेक राज्यांत पाठवण्यात आली आणि त्यांपैकी काही कावेरीत सोडण्यात आली.

कावेरीत मात्र कुबडाच्या महाशीरची वेगळी, आकाराने अधिक मोठी जात राहत होती. भीमेश्वरी, दोड्डमाकळी आणि गालिबोरे येथील तळांवर पकडलेले मासे मोजून, नोंद करून सोडले जात. स्थानिक रहिवाशांना वाटाडे म्हणून रोजगार मिळाला आणि सुरुंग लावून होणाऱ्या मासेमारीवर पाळत राहिली. त्यामुळे एकूण महाशीरांची संख्या वाढत गेली. परंतु १९९८ ते २०१२ या काळातील गालिबोरेच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा ही वाढ बाहेरून आलेल्या निळ्या परांच्या महाशीरची असून कुबडाचा महाशीर झपाट्याने कमी झाल्याचे दिसले. जगप्रसिद्ध असूनही त्या माशाला तोवर निश्चित शास्त्रीय नाव नव्हते. २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी असल्याचे सिद्ध झाले आणि त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी करण्यात आली. जे मासे संवर्धनाच्या हेतूने सोडले गेले, त्यांनीच मूळ जातीची जागा घेतल्याचे, मासे पकडणाऱ्यांनीच ठेवलेल्या नोंदींतून उघड झाले. दरम्यान, कावेरी वन्यजीव अभयारण्यातील मासेमारी बंद करण्यात आली होती. तळांबरोबर नदीवरील नित्याची पाळतही संपली, असा आक्षेप तिच्यावर घेतला गेला. अभयारण्यात छंद म्हणून मासे पकडणे हे शिकारीहून वेगळे मानावे की नाही, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

महाराष्ट्रात फ्लाय फिशिंग फारशी रूढ नाही. ट्राउटला आवश्यक असे वर्षभर थंड राहणारे पाणी येथे नाही, तर महाशीर काही नद्यांपुरता व जलाशयांपुरता उरला आहे. त्याच्या रक्षणाची येथील परंपरा निराळी आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळील वाळणकोंड येथे वरदायिनी देवीचे मासे म्हणून महाशीर राखले जातात. भाविक त्यांना खाऊ घालतात आणि त्या डोहात कोणीही मासेमारी करत नाही.